आमच्या हिचा विरोधी पक्ष

दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत एका घरातून समोरच्या घरात लोणचं देता येतं. जिना उतरायला नको. आपण खिडकीतून हात लांबवायचा, समोरच्यानं लांबवायचा, झालं. गाडी इथे कधी आली नाही आणि येणारही नाही. सांड मात्र येतो, आणि तो आला की माणसांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं.

आमच्या समोरच्या खिडकीत जो माणूस राहायचा त्याच्याबद्दल लिहितोय. गेल्या दिवाळीनंतर तो नागपूरला मुलीकडे गेला. ऐकलंय तिथे इथल्यापेक्षा जास्त तापतं. शोभेल त्याला. नाव लिहीत नाही. लिहिलं तरी गल्लीत कोणाला कळणार नाही, कारण सगळे त्याला तरक्कीबाबू म्हणायचे. तरक्की म्हणजे प्रगती. हा शब्द त्याच्या तोंडात पानासारखा कायम असायचा.

लिहिणं हे माझं काम नाही. मी आचारी. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंच्या पंगती करण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर आमच्याकडे जेवायला असायचे म्हणून पार पडली. तेव्हा येईल तसं लिहितो. गोड बोलायची मला सवय नाही. आमच्या हिलाही नव्हती. पण हिचं कडू बोलणं लोक थांबून ऐकायचे आणि माझं ऐकून लोक निघून जायचे, एवढा फरक.

तरक्कीबाबू भुसावळचा. इथल्या रेल्वेच्या इंजिन कारखान्यात फिटर म्हणून आला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. बायको आधीच वारलेली. निवृत्तीनंतर माणसं गावी जातात, नाहीतर मुलांकडे जातात. हा आमच्या गल्लीत आला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "महाराज, सगळ्या जगात जुनं गाव हे. सुधारायला इथे जेवढा वाव आहे तेवढा कुठे असणार?" इकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात, म्हणून मी महाराज. ही वहिनी. आणि तो हिचा भाऊजी.

त्याच्या खिशात तेलाची छोटी कुपी असायची. दार कुरकुरलं की थांबायचा, कोणाला न विचारता बिजागरीत दोन थेंब सोडायचा, दार उघडून-मिटून बघायचा आणि पुढे जायचा. देवळाची घंटा, पुजाऱ्याचा झोपाळा, पानवाल्याची फळी, काही सोडलं नाही. वर्षभरात गल्लीत एक दार वाजेना.

"भाऊजी, आता चोर आला तरी कळायचं नाही," ही म्हणाली.

"चोर येणार नाही वहिनी, कॅमेरे लागणार आहेत."

"म्हणजे चोर येणार, नि आपण त्याचा सिनेमा बघणार."

असं चालायचं. सकाळी मी पुऱ्यांची कणीक मळत असायचो, ही खिडकीशी भाजी निवडत असायची आणि समोर हा चहाचा पेला घेऊन उभा. पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, आज काय नवीन?" हाच प्रश्न तो दिवसभर गल्लीत सगळ्यांना विचारायचा. कोणी म्हणालं, कुछ नहीं बाबू, तर खरोखर वाईट वाटायचं त्याला. "दिवस फुकट गेला मग," म्हणायचा. कुठे रस्ता खणलेला दिसला तर कडेला उभा राहून खड्ड्यात असा बघायचा, जसे बाकीचे लोक गंगेकडे बघतात.

आणि ही त्याच्या बरोबर उलट. ही माझ्याहूनही कमी शिकलेली. पण सकाळी रेडिओ सुरू केला की झोपताना बंद. शेतीचे कार्यक्रम, हवामान, भाषणं, सगळं ऐकायची आणि लक्षात ठेवायची. पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, हे मला हिच्याकडून कळलं. रेडिओवर ऐकायची आणि मग गच्चीवर जाऊन हात लावून बघायची. आमच्या लहानपणी जेठाच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या महिन्यातही गच्चीवर पाणी शिंपडलं की दगड निवायचा, पाठ टेकता यायची. आता पहाटेसुद्धा तो दगड गरम लागतो. हे हिचं मुख्य म्हणणं. बाकी सगळं त्याच्यावर रचलेलं.

"भाऊजी, तुमच्या प्रगतीला विचारा, रात्री दगड का निवत नाही."

"निवेल वहिनी! माणूस थांबत नाही. माणसानं चंद्रावर गाडी उतरवली, दगडाचं काय घेऊन बसलात!"

"चंद्रावर कोण झोपतं?"

तो मागे हटणारा नव्हता. त्याचीही बाजू लंगडी नव्हती, हे मला कबूल करायला हवं. मी मधे बसून दोघांचं ऐकायचो. तो म्हणायचा, तुमच्या शुद्ध हवेच्या काळात लोक दाढ दुखून मरायचे. बाई बाळंतपणात मरायची, मूल देवीनं मरायचं, उरलेला म्हातारा चाळीस वर्षांचा असायचा. कोणाला तो काळ परत हवाय त्यानं हात वर करावा. मी खरंच विचार करायचो की आपण हात वर करू का, आणि करत नसे. माझे दोन मोठे भाऊ देवीनंच गेलेले.

एकदा त्यानं हिला जवळजवळ गाठलं होतं. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सुटली आणि हा खिडकीत हजर.

"वहिनी, आता खरं सांगा. मोतीबिंदू कोणी काढला? हवामानानं?"

"डॉक्टरनं काढला. मशीननं काढला. तुमच्या प्रगतीनं काढला, झालं समाधान?" ही म्हणाली. तो खूश होऊन चहा पिऊ लागला. तेवढ्यात ही म्हणाली, "मग चांगलं दिसायला लागलं म्हणून घाटावर गेले. पलीकडची वाळू बघितली, नदी किती आटलीय ते. एवढी वाळू मला आधी दिसत नव्हती. तेच बरं होतं."

त्याला ठसका लागला. पेल्यातला चहा खाली जाणाऱ्या दूधवाल्याच्या डोक्यावर. दूधवाला वर बघून ओरडला, "का हो बाबू, यही है तरक्की?"

मग एसी आला.

गल्लीतला तो पहिला. तरक्कीबाबूनं पेढे वाटले. एसीचं थंड तोंड त्याच्या खोलीत आणि बाहेरचा डबा, जो गरम हवा टाकतो, तो त्याच्या खिडकीखाली. आमच्या गल्लीत बाहेर म्हणजे काय? बाहेर म्हणजे आमची खिडकी. पहिल्या दिवशी त्यानं मशीन सुरू केलं आणि भट्टीचं झाकण उघडावं तशी झळ आमच्या खोलीत आली. मला काही वाटलं नाही. मी भट्टीतलाच माणूस. ही मात्र उठली, खिडकीशी गेली आणि शांतपणे बोलली. ही शांत बोलली की मी चूल मंद करायचो.

"भाऊजी, जरा समजावून सांगा. थंड हवा आत, गरम बाहेर?"

"बरोबर."

"आत कोण राहतं?"

"मी."

"आणि बाहेर?"

तरक्कीबाबूनं डब्याकडे बघितलं, आमच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हीही एक बसवून घ्या. मी लावून देतो."

"मग आमचा डबा तुमच्याकडे तोंड करून. दोघं एकमेकांवर आग ओकायची नि आत गार बसायचं. आणि खाली गल्लीतनं जाणाऱ्यानं काय करायचं? उकडून निघायचं?"

याचं उत्तर शोधायला त्याला बरीच वर्षं लागली, आणि सापडलं असं मी म्हणणार नाही. पण एसी त्यानं बंद केला नाही आणि हिनं बोलणं बंद केलं नाही.

उलट हिनं दुसरंच काढलं. माघ संपताना हिनं उडदाचे पापड लाटले, खिडकीत दोन दोऱ्यांवर जुनी सुती साडी ताणून त्या डब्यासमोर घातले आणि हाक मारली, "भाऊजी, पापड घातलेत. जरा तुमची प्रगती सुरू करा." बाहेर थंडी. त्या माणसानं स्वेटर घालून, मफलर गुंडाळून एसी लावला आणि आत कुडकुडत बसला. पापड दुपारपर्यंत कडक. ही म्हणाली, "एवढं एक काम चांगलं करतं." तो दात वाजवत म्हणाला, "सु-सुरुवात अशीच होते वहिनी." पुढे दर वर्षी तेच. सांडगी मिरची वाळत घातली त्या वर्षी सगळी गल्ली शिंकत होती, आणि सांडसुद्धा आल्या पावली परत गेला.

विश्वकर्म्याच्या पूजेला कारखान्यात यंत्रांना फुलं वाहतात. याची ती सवय सुटली नव्हती. फ्रिज, पंखा, मिक्सर, सगळ्यांना कुंकू. एका वर्षी त्यानं एसीच्या बाहेरच्या डब्यालाही झेंडूची भलीमोठी माळ घातली, हात जोडले, आत जाऊन मशीन सुरू केलं. सगळ्या पाकळ्या आमच्या खोलीत. हिच्या डोक्यावर, भिजवलेल्या डाळीत, माझ्या कणकेत. त्या दिवशीच्या पुऱ्यांमध्ये यात्रेकरूंना झेंडू मिळाला. एक आजी मला म्हणाल्या, काशीचा प्रसाद वेगळाच हो. मी त्यांना आणखी एक पुरी वाढली.

निवडणुकीचं सांगायला हवं, कारण त्यात हा माणूस कसा होता ते कळेल. तो कायम जास्त पूल बांधणाऱ्याला मत द्यायचा. पक्ष कुठलाही असो. ही कोणाला द्यायची ते मलाही सांगायची नाही. एक उमेदवार गल्लीत आला, गळ्यात हार, मागे घोषणा. तरक्कीबाबूनं वरून विचारलं, "नया पुल कब?" उमेदवार म्हणाला, "बन गया समझिए." तरक्कीबाबूनं मान डोलावली. मग इकडच्या खिडकीतून ही ओरडली, "और रात को पत्थर कब ठंडा होगा?"

उमेदवारानं वर बघितलं. मागचा कोणीतरी हसला. उमेदवार हात जोडून म्हणाला, "माताजी, मोड़ पर ठंडे पानी की मशीन लगवा देंगे."

मला वाटलं, आता तरक्कीबाबू टाळ्या वाजवणार. मशीनच ते. पण तो लालेलाल झाला. "अरे, सवाल क्या था और जवाब क्या है?" म्हणून वरून असा ओरडला की घोषणा थांबल्या. "इन्होंने मौसम का पूछा है! जवाब नहीं आता तो बोलिए नहीं आता!" ते लोक निघून गेल्यावरही तो खिडकीत धुसफुसत होता. "वहिनी, तुम्ही माझ्याशी भांडणाऱ्या बाई. तुम्हाला कोणी असलं उत्तर देतं म्हणजे माझा अपमान आहे."

ही म्हणाली, "चहा घ्या आता. गार होतोय."

मी चहाच्या दुकानावर सांगायचो, इतर लोकांकडे शेजारी असतात, आमच्या हिच्याकडे विरोधी पक्ष आहे.

ही गेल्या वर्षी पौषात गेली. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. तरक्कीबाबू मणिकर्णिकेला आला. एरवी लाकडावर तो तासभर बोलायचा, की किती झाडं जातात, विजेची दाहिनी कशी बरी. त्या दिवशी नुसती लाकडं उचलून देत होता. तेरा दिवस रोज खाली येऊन माझ्या उंबऱ्यावर बसायचा. चौदाव्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, चहाचा पेला घेतला, आमच्या खिडकीकडे बघितलं. मी कणीक मळत होतो.

"महाराज, आज काय नवीन?"

"काही नाही," मी म्हणालो.

तो वाट बघत राहिला. मी पुढे काही बोलेन म्हणून. मला काही सुचलं नाही. माझ्यात ते नाहीच. चाळीस-बेचाळीस वर्षं मी ऐकणारा होतो. शेवटी त्यानं पेला आत नेला.

काही दिवसांनी चहाच्या दुकानावर मी गेलो तर तिथे गर्दी. तरक्कीबाबू बाकावर उभा राहून बोलत होता. म्हणत होता, गंगा बर्फातून येते, बर्फ संपला तर तुमच्या आरत्या कुठे करणार, आणि ज्याच्या घरात गारवा आहे त्याला बाहेरच्याचा ताप कळत नाही. मी पेला खाली ठेवला. ही हिची वाक्यं. जशीच्या तशी. हिंदीत केलेली, पण मधे थांबायची हिची जागासुद्धा तीच.

लोकांना वाटलं, बाबूनं पक्ष बदलला. एका पक्षाचे दोघं संध्याकाळी गमछा घेऊन त्याच्या सत्काराला आले. दुसऱ्या पक्षाच्या पानवाल्यानं त्याला राम-राम करणं सोडलं. तरक्कीबाबूनं दोघांनाही झापलं, "हम पार्टी नहीं बदले. सामनेवाली नहीं रहीं, तो हम दोनों तरफ से खेल रहे हैं."

आणि खरंच खेळायचा. त्यानं वार वाटून घेतले होते. सोम, बुध, शुक्र त्याचे स्वतःचे. मंगळ, गुरू, शनि हिचे. रविवारी सुट्टी. त्याच्या वाराला तो पूल आणि कारखाने आणि औषधं यांच्या बाजूनं बोलायचा, हिच्या वाराला नदी आणि दगड. चहावाला गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचा.

"गुरु, आज कौन दिन है?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं. इकडे कोणालाही गुरु म्हणतात.

"मंगल," चहावाला म्हणायचा.

"अच्छा, तो आज दुनिया डूबेगी. चाय पी लो."

लोक हसायचे. मीही हसायचो. कधीकधी बरं वाटायचं, हिचं बोलणं अजून गल्लीत फिरतंय म्हणून. आणि कधी तसाच, चहा न घेता घरी यायचो. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं की घर आणखी रिकामं वाटायचं.

उन्हाळा लागला तसं एक लक्षात आलं. हिच्या वाराला तो एसी लावत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "एकट्यानं दोन्ही बाजू खेळायच्या तर इमानदारीनं खेळायला हवं महाराज. वहिनींची बाजू घ्यायची आणि एसीत बसायचं, ही बेइमानी." ठीक. पण जेठ चढला, लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटली, आणि बुधवारीही डबा बंद. शुक्रवारीही बंद. मी खिडकीतून विचारलं, "अहो, आज तर तुमचा वार ना?"

"वहिनींचं बोलणं संपलेलं नाही," तो म्हणाला. "मधेच कसं उठवायचं?"

खरं सांगायचं तर त्याला हिचे मुद्दे स्वतःच्या मुद्द्यांपेक्षा जास्त पाठ झाले होते. वर्षानुवर्षं त्यांच्यावर उत्तरं शोधत बसलेला ना तो. स्वतःशी भांडताना रोज हरायला लागला होता. आणि त्याचं वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, खोली पश्चिमेची. दिवसेंदिवस तोंड काळवंडत चाललं. मी खालून दही पाठवायचो, पन्हं द्यायचो. घ्यायचा आणि पुन्हा त्या तव्यात जाऊन बसायचा.

एका गुरुवारी भर दुपारी मी खिडकी बंद करायला गेलो तर समोर तो खुर्चीत वाकडा झालेला. हाक मारली. दुसरी मारली. हात उचलला त्यानं, पण तो कुठे न्यायचा ते त्याला कळत नव्हतं.

मी जिना उतरलो, गल्ली ओलांडली, त्याचा जिना चढलो. या वयात मी एवढं धावलो नव्हतो. त्याला पलंगावर टाकलं, टॉवेल भिजवून डोक्यावर, मानेवर, काखेत ठेवले, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, गोळी दिली आणि म्हणाले, "अभी होश में हैं. कमरा ठंडा कीजिए. शाम तक ठीक न हों तो अस्पताल." ते गेले.

एसीचा रिमोट उशीखाली होता. मी काढून त्याच्या हातात दिला, कारण कुठलं बटण ते मला माहीत नव्हतं.

"लावा ते मशीन."

"आज गुरुवार," तो म्हणाला. आवाज कुजबुजल्यासारखा. "वहिनींचा वार."

"वहिनी मेली," मी म्हणालो.

तोवर मी हा शब्द काढला नव्हता. गेली म्हणायचो, नाही म्हणायचो. तोंडातून निघाला आणि मीच खुर्चीत बसलो.

"म्हणून तर," तो म्हणाला. "तिच्या बाजूनं कोणी नको? मी ढिला पडलो तर ती हरेल. असं नाही हरवायचं मला तिला."

"आणि तुम्ही मेलात तर कोण जिंकलं?"

त्यानं डोळे मिटून विचार केला. तापातसुद्धा. मग म्हणाला, "मुद्दा चांगला आहे. पण तो माझ्या बाजूचा आहे. आज घेता येत नाही."

इथे माझं डोकं फिरलं. मी त्याला कायम अहो-जाहो करत आलो. त्या वेळी ते राहिलं नाही.

"ऐक," मी म्हणालो. "तिच्या साड्या कपाटात आहेत. चष्मा खिडकीत आहे. रेडिओ आहे. मी कोणाला काही दिलं नाही. तिची बहीण एक पैठणी मागत होती, तिलासुद्धा नाही म्हणालो. आणि तिची बाजू तू उचलून घेऊन गेलास. चहाच्या दुकानात, बाकावर, सगळ्या गावापुढे. कोणी दिली तुला? मला विचारलंस? बायको माझी. तिची बाजू माझ्या घरची आहे. परत कर."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे लाल, ओठ सुकलेले. पण हळूहळू त्याचा चेहरा बदलला. कारखान्यात नवा माणूस मशीन मागायला आला की फोरमन बघत असेल, तसा बघायला लागला.

"तुम्हाला चालवता येईल?"

"नाही येत. शिकेन."

"रोज चालवावी लागते. ठेवली की गंजते."

"चालवीन."

"एक वाक्य म्हणून दाखवा."

मी तोंड उघडलं. हिचं एक वाक्य आठवेना. एवढी वर्षं ऐकलेली, सगळी ऐन वेळी पळाली. भिंतीवरचा तो पांढरा एसी माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून जे वाटलं ते बोललो.

"मी जन्मभर भट्टीपुढे उभा राहिलो. लोक वर पंगतीत गारेगार श्रीखंड खायचे, तेव्हा खाली मी घामानं आंघोळ करत असायचो. हे मशीन ज्या विजेवर चालतं ती कुठेतरी भट्टी पेटवूनच येते ना? त्या भट्टीपुढे कोण उभा आहे ते तुम्हाला माहीत आहे का? त्याला विचारलंय का कोणी, की बाबा, तुला किती तापतं?"

तरक्कीबाबूनं रिमोट छातीवर ठेवला.

"हे वहिनींचं नाही," तो म्हणाला.

"नाही. माझं आहे."

त्यानं रिमोट उचलला आणि बटण दाबलं. भिंतीवरचं झाकण हळूच वर झालं आणि गार वारा आला. मी टॉवेल बदलले. अर्ध्या तासात त्याच्या अंगाला हात लावण्यासारखं झालं. त्यानं दही-भात मागितला. मी घरून आणला, वर मिरचीची फोडणी. पाच-सहा घास झाले, पाणी प्यायला, उशीला टेकून बसला, आणि त्याचं बोट वर झालं.

"महाराज, तुमच्या भट्टीबद्दल. अणूच्या भट्टीत धूर नसतो."

"धूर नसेल. राख असेल."

"राख थोडी असते!"

"थोडी असली तरी कोणीतरी झाडायची असते. कोण झाडतं?"

"मशीन झाडणार! माणूस लागणारच नाही!"

"मग त्या माणसानं खायचं काय?"

"अरे व्वा!" तो ओरडला आणि त्याला खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबण्याआधीच पुढचं बोलायला लागला. सूर्याच्या चुली, समुद्रावरचे पंखे, हवेतला धूर शोषून जमिनीत पुरायची यंत्रं. मी म्हणालो, पुरलेलं वर येतंच, नाल्याचं बघा. तो म्हणाला, तुम्ही नाल्याच्या पुढे विचारच करत नाही. मी म्हणालो, तुम्ही नाला बांधून झाल्यावर बघायला येत नाही. त्याच्या गालांवर रंग आला होता. खालून कोणीतरी ओरडलं, बाबू ठीक हैं? तो आतून ओरडला, "ठीक हैं! बहस चल रही है!"

दिवेलागणीपर्यंत आम्ही भांडलो. शेवटी त्यानं मला देवी रोगाच्या लसीवर आणून उभं केलं, माझ्या दोन्ही भावांची आठवण काढली. मी साफ हरलो. ताट उचललं, त्याला गोळी दिली, सकाळी येतो म्हणालो आणि निघालो.

पण उद्या काय बोलायचं ते मला त्याचा जिना उतरतानाच सुचलं.